दंडाची सैल कातडी आणि आर्म लिफ्ट शस्त्रक्रिया : व्रण पत्करावा का?

मेघना_प्रतापनगर

नमस्कार. माझे वय ४७ असून मी नागपुरात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मधुमेहाचे निदान झाल्यानंतर आहार आणि चालणे यांच्या जोरावर माझे वजन ९४ किलोवरून ६४ किलोवर आले आणि गेले वर्षभर ते तेथेच टिकून आहे. मागच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, ६.४ होते. पोट आणि मांड्या यांच्याशी मी जुळवून घेतले आहे, परंतु दोन्ही दंडांखाली काखेपासून कोपरापर्यंत जी कातडी लोंबते तिचे काय करावे हे मला सुचत नाही. व्यायामशाळेत ट्रायसेप्सचे, म्हणजे दंडामागच्या स्नायूचे, व्यायाम नेमाने केले, त्यामुळे स्नायू हाताला घट्ट लागतो, पण कातडी होती तशीच आहे. उन्हाळ्यात काखेजवळच्या घडीत घाम साचून पुरळ उठते आणि कातडी सोलवटते. ब्लाउजची बाही दंडाच्या मापाने बेतली तर खांदा उतरतो, आणि खांद्याच्या मापाने बेतली तर शिवण दंडात रुतून वळ उठतो.

रामदासपेठेतील एका प्लास्टिक सर्जनांनी तपासून पूर्ण आर्म लिफ्ट, म्हणजे दंडाची सैल कातडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया (ब्राकिओप्लास्टी), सुचवली आणि काखेपासून कोपरापर्यंत व्रण राहील हे पहिल्याच भेटीत सांगितले. दुसऱ्या एका कॉस्मेटिक केंद्रात मात्र लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे) व त्यानंतर उष्णतेने कातडी आवळणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सीच्या काही बैठका एवढ्यावर काम होईल, टाक्यांची गरजच नाही, असे मला सांगण्यात आले. दोघांपैकी कोणाचे ऐकावे हे कळत नाही. ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, किंवा विचार करून सोडून दिली आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. नागपूरच्या हवामानात ती कोणत्या महिन्यात करावी हाही माझा प्रश्न आहे, कारण शिक्षकांना सलग सुटी मिळते ती मे-जूनमध्येच.

सुलभाकाकू

मेघना, वयाने मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तीस किलो वजन उतरवून साखर ताब्यात आणलीस, हे खरे काम झाले. आता धडधाकट हातावर सुरी चालवून घेण्याचे कारण मला पटत नाही. आमच्या वेळी दंड लोंबू लागले की बायका कोपरापर्यंत बाही शिवून घेत आणि विषय तेथेच संपत असे. ही हौस सिनेमातल्या बायकांनी करावी. त्यांचे पोट त्यावर चालते. पुरळासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पावडर लाव, सुती कपडे घाल. भूल देणे म्हणजे काही गंमत नव्हे.

टाका_आणि_गाठ

मी एमबीबीएस नागपूरच्या मेडिकलमधून केले आणि सध्या दुसऱ्या जिल्ह्यात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करतो, त्यामुळे नागपुरातील कोणत्याही रुग्णालयाशी माझा व्यवहार नाही. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मेघनाताईंनी काय करावे हे मी सांगू शकत नाही. परंतु दोन ठिकाणी दोन वेगळी मते का मिळाली असावीत, एवढे सांगता येईल.

शरीराचे वजन वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की कातडीतील कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे तंतू ताणले जाऊन निकामी होतात आणि नंतर चरबी कितीही कमी झाली तरी ते पूर्ववत होत नाहीत. व्यायामाने कातडीखालचा स्नायू वाढतो, कातडी आखडत नाही. स्नायू घट्ट आणि त्याखाली झोळ, ही तुमची तक्रार शरीरशास्त्राला धरूनच आहे. व्यायामात तुमचे काही कमी पडलेले नाही.

घरी करून पाहण्याजोगी एक गोष्ट आहे. आरशासमोर उभे राहून हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरावा, कोपर काटकोनात वर वळवावे आणि दंडाखालची लोंबती घडी दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरावी. चिमटीत जाड, भरीव चरबी येत असेल आणि सोडल्यावर कातडी लगेच जागेवर जात असेल, तर लायपोसक्शनने काम भागण्याची शक्यता असते. चिमटीतले दोन पदर जवळजवळ एकमेकांना भिडत असतील, तर आत काढण्याजोगी चरबीच उरलेली नाही असे समजावे. अशा दंडावर केवळ लायपोसक्शन केले तर तो उशी काढून घेतलेल्या अभ्र्यासारखा आणखी लुळा पडतो. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने कातडी थोडीशी आवळते हे खरे, पण ते सौम्य सैलपणाला पुरते. ३० किलो उतरल्यानंतरच्या दंडाला ते पुरेल असे जे सांगतात, त्यांच्याकडे तशाच दंडाची आधीची आणि वर्षानंतरची छायाचित्रे मागावीत. ती दाखवली गेली नाहीत तर उत्तर मिळाले असे धरावे.

काही जणींना फक्त काखेत व्रण ठेवून केलेली छोटी आर्म लिफ्ट पुरते, पण त्यासाठी सैलपणा दंडाच्या वरच्या भागापुरताच असावा लागतो. कोपरापर्यंत कातडी लोंबत असेल तर व्रणही कोपरापर्यंत येणार. याउलट, वजन फारच उतरले असेल तर झोळ काखेखालून छातीच्या कडेवर उतरतो आणि व्रणही तितका लांबवावा लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण जागा असताना, हात वर धरायला लावून मार्करने खुणा करतात. आडवे झाल्यावर कातडी वेगळ्या दिशेला ओघळते, म्हणून हे काम टेबलावर करून भागत नाही. नंतर बहुधा पूर्ण भूल देतात आणि दोन ते तीन तास लागतात. किती कातडी काढावी, हाच यातला सर्वांत नाजूक निर्णय आहे. जास्त काढली तर कडा जुळत नाहीत, कमी काढली तर झोळ राहतो, आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच हात सुजत जात असल्यामुळे सुरुवातीचे माप तासाभराने खरे राहत नाही. त्यामुळे अनेक सर्जन आखलेली सगळी कातडी एका दमात कापत नाहीत. थोडी कापतात, तेवढी जोडतात आणि मग पुढे सरकतात. १९९५ साली लॉकवुड या अमेरिकी सर्जनांनी कातडीखालचे तंतुमय आवरण काखेतील मजबूत थराला टाके घालून टांगण्याची पद्धत मांडली. ताण आतल्या थराने पेलला की व्रण कमी रुंदावतो आणि जागेवरून कमी सरकतो. काखेच्या घडीतून व्रण सरळ नेला तर तो आखडून हात वर करताना ताणतो, म्हणून तेथे टाक्यांची रेषा झेडच्या आकारात वळवण्याची रीत आहे.

धोके लपवण्यात अर्थ नाही. काखेजवळची जखम थोडी उकलणे, आत पाणी साचून सेरोमा होणे, जंतुसंसर्ग, रक्त साचणे, दोन्ही बाजूंत फरक राहणे आणि व्रण जाड किंवा रुंद होणे, हे सर्व घडू शकते. दंडाच्या आतल्या बाजूने जाणारा एक संवेदी मज्जातंतू कोपराच्या वर खोल थरातून कातडीकडे येतो. त्याला इजा झाली तर कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला बधिरपणा किंवा चमका राहू शकतात. त्या मज्जातंतूच्या आणि लसिकावाहिन्यांच्या रक्षणासाठी स्नायूवरच्या आवरणालगत चरबीचा पातळ थर मुद्दाम शिल्लक ठेवतात. स्तनाच्या कर्करोगासाठी ज्यांच्या काखेतील लसिकागाठी काढलेल्या आहेत, त्यांनी ही शस्त्रक्रिया बहुधा टाळावी, कारण हाताला कायमची सूज येण्याचा धोका असतो. ज्यांच्या अंगावर केलॉइड, म्हणजे व्रणावर वाढत जाणाऱ्या गाठी, उठतात, कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी गाठ आली आहे, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगावे.

सुलभाकाकूंना एक विनंती. ही केवळ सिनेमातल्यांची हौस राहिलेली नाही. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार तेथे २००० साली जेमतेम ३०० स्त्रियांनी आर्म लिफ्ट करून घेतली होती आणि २०१२ साली हा आकडा १५,००० च्या वर गेला. त्यात बिनबाहीच्या कपड्यांची फॅशन आहे, तसाच वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियांचा वाढता प्रसारही आहे. आपल्याकडेही असे रुग्ण येऊ लागले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची पहिली तक्रार घडीतल्या पुरळाची असते.

ज्योती_धरमपेठ

मेघनाताई, मी ही शस्त्रक्रिया वजन उतरवण्याच्या (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रियेनंतर दोनेक वर्षांनी, डिसेंबरात करून घेतली. जे घडले ते सांगते.

पहिली अडचण हातातल्या पाटल्यांची आली. शस्त्रक्रियेनंतर हात सुजतो, शिवाय रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरतात, म्हणून अंगावर कोणताही धातू नको असे सांगण्यात आले. साबण, तेल सगळे करून झाले तरी पाटल्या निघाल्या नाहीत आणि शेवटी सोनाराकडून कापून घ्याव्या लागल्या. आईने घातलेल्या होत्या, त्यामुळे वाईट वाटले. तुमच्या हातात असतील तर आधीच सोय करून ठेवा.

दुखणे मला वाटले होते त्याहून कमी होते, पण परावलंबित्व जास्त होते. कोपर वाकवता येतो, चमचा तोंडापर्यंत जातो, परंतु खांद्याच्या वर हात न्यायचा नसल्यामुळे वेणी घालणे, फडताळातला डबा काढणे, डोक्यावरून कपडे घालणे हे सगळे बंद. समोरून बटणांचे सैल गाऊन आधीच शिवून घेतले होते, त्यांचा फार उपयोग झाला. झोपताना दोन्ही हात उशांवर उंच ठेवावे लागत, आणि मला कुशीवर झोपायची सवय असल्यामुळे सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. दाब देणाऱ्या बाह्या, ज्यांना दुकानदार कॉम्प्रेशन गारमेंट म्हणतात, दीड महिना रात्रंदिवस घालाव्या लागल्या. एक अंगात आणि एक धुण्यात, असे दोन संच हवेतच.

डाव्या काखेतली जखम दुसऱ्या आठवड्यात रुपयाच्या नाण्याएवढी उकलली. ते पाहून मी घाबरले होते, परंतु सर्जनांनी पुन्हा टाके घातले नाहीत. नियमित ड्रेसिंगने ती आतून भरत आली. उजव्या हाताला, घड्याळाचा पट्टा बांधतो त्याच्या वर आतल्या बाजूला, एक पट्टा अजून बधिर आहे. कुकरचे झाकण उघडताना वाफ लागली तरी तेथे समजत नाही, फोड आला की दिसतो. आता मी झाकण डाव्या हाताने उघडते.

व्रणाविषयी सांगायचे तर पहिले सहा-सात महिने तो लालसर आणि उंच होता. सिलिकॉन जेल लावत राहिले, उन्हात जाताना पूर्ण बाही घातली, आणि आता तो फिकट तपकिरी रेघेसारखा आहे. हात खाली असताना दिसत नाही. शहर बसमध्ये वरची दांडी धरली की शेजारी उभ्या असलेल्या बाईला दिसतो. एकीने "भाजले होते का?" असे विचारले, मी "शस्त्रक्रियेचा आहे" म्हणाले आणि ती तिच्या स्टॉपवर उतरून गेली. पुरळ मात्र त्यानंतर आलेले नाही. मला माझ्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही, पण दुसऱ्या कोणाला करूनच घ्या असे मी म्हणणार नाही.

मेघना_प्रतापनगर

डॉक्टरसाहेब, ज्योतीताई, आपण दोघांनीही इतक्या बारकाईने लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. चिमटीची परीक्षा करून पाहिली. दोन पदर एकमेकांना भिडतात, मधे फारसे काही लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या ठिकाणचा पर्याय मी मनातून काढून टाकला आहे.

आता माझा खरा अडसर वेगळाच आहे. मला ही शस्त्रक्रिया हवी आहे ती बाही लहान करता यावी आणि पुरळ थांबावे म्हणून. पण व्रण काखेपासून कोपरापर्यंत असेल आणि तो झाकण्यासाठी पुन्हा कोपरापर्यंत बाही ठेवावी लागली, तर मी काय मिळवले? दिवसाचे पाच-सहा तास माझा उजवा हात फळ्यावर वर उचललेला असतो आणि समोर पन्नास मुले बसलेली असतात. आठवीची मुले काही सोडत नाहीत, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. हा व्रण दंडाच्या मागच्या बाजूला घेता येतो असेही मी कोठेतरी वाचले. तसे केले तर बरे पडेल का?

टाका_आणि_गाठ

ताई, नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. ही शस्त्रक्रिया म्हणजे सैल कातडी देऊन व्रण घेण्याचा व्यवहार आहे, आणि दंड कसा दिसेल यापेक्षा व्रण कसा वाटेल यावर तो ठरवावा.

व्रण ठेवण्याच्या दोन मुख्य जागा आहेत. एक दंडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे हात खाली सोडल्यावर जी बाजू बरगड्यांना लागते ती. दुसरी मागच्या बाजूला, कोपराच्या टोकाकडे जाणारी. मागच्या व्रणाचे समर्थक म्हणतात की तो स्वतःला आरशात दिसत नाही. ते खरे आहे, परंतु मागे उभ्या असणाऱ्यांना तो सतत दिसतो, आणि फळ्याकडे तोंड करून लिहिणाऱ्या शिक्षिकेच्या मागे संपूर्ण वर्ग असतो. हात वर करून लिहिताना दंडाची मागची व बाहेरची बाजू वर्गाकडे येते, आतली बाजू डोक्याकडे राहते. म्हणजे तुमच्या कामात आतला व्रण मुलांच्या नजरेआड राहण्याची शक्यता अधिक. वर्गाकडे तोंड करून हात उंचावलात तर मात्र तो दिसेल. सर्जनांकडे गेल्यावर भिंतीवर लिहून दाखवा आणि त्या स्थितीत खूण करायला सांगा; यात संकोच करण्याचे कारण नाही.

व्रण पूर्ण निवळायला वर्ष ते दीड वर्ष लागते. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णात तो उन्हाने काळवंडतो आणि तो काळेपणा रेंगाळतो, म्हणून पहिले वर्षभर ऊन लागू देऊ नये. तोपर्यंत बाही मोठीच ठेवावी लागेल असे गृहीत धरा. त्यानंतरही तो नाहीसा होणार नाही, फिका होईल. कोणी "दिसणारच नाही" असे म्हणाले तर त्या सर्जनांकडून उठून यावे.

पॉलिसी_इतवारी

मी विमा क्षेत्रात काम करतो, म्हणून पैशांची बाजू सांगतो. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्यांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील आठव्या संकेतांकानुसार सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया विम्याच्या बाहेर आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि विमाधारकाच्या आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, एवढेच त्याला अपवाद आहेत. काखेतल्या वारंवार होणाऱ्या पुरळाला कंपनी थेट व तातडीचा धोका मानेल असे मला वाटत नाही. त्वचारोगतज्ज्ञांचे कागद जोडून पूर्वमंजुरी मागायला हरकत नाही, पण खर्च खिशातूनच होणार असे धरून चालावे.

दुसरी गोष्ट लोकांना बिल हातात आल्यावर कळते. उपचारांवर जीएसटी नसतो, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला ती सूट नाही; जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली रचना पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रियाच सूटपात्र आहेत. त्यामुळे अंदाजपत्रकाच्या रकमेवर कराची भर पडते. अंदाजपत्रक मागताना कर धरून मागा, आणि भूलतज्ज्ञांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, खोली, दाबाच्या बाह्या, नंतरची ड्रेसिंगे आणि गरज पडल्यास दुरुस्तीची छोटी शस्त्रक्रिया, यांपैकी काय काय त्यात धरले आहे हे लेखी घ्या. दोन ठिकाणच्या रकमांची तुलना त्याशिवाय होऊच शकत नाही.

अजनीचा_धावक

या विषयावर पुरुष सहसा लिहीत नाहीत, पण माझेही वजन ११० वरून ७८ वर आले आहे आणि दंडांची अवस्था मेघनाताईंनी वर्णिली तशीच आहे. मी शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले. अंबाझरीच्या बाजूला पहाटे धावताना कातडी हलून घासते, त्यासाठी घट्ट बसणारी पूर्ण बाहीची बनियन वापरतो, आणि तेवढ्याने माझे भागते. त्याआधी एका केंद्रात कातडी आवळण्याच्या बैठकांवर बरेच पैसे घालवले होते. दर बैठकीनंतर दोन दिवस दंड थोडा फुगल्यामुळे घट्ट वाटे, मग पुन्हा जैसे थे. पैसे आगाऊ घेतलेले असल्यामुळे बोलण्याची सोयही नव्हती.

मला सर्जनांनी आणखी एक कारण सांगितले होते, आणि ते आपल्या विदर्भात स्पष्टपणे लिहायला हवे. मी तेव्हा खर्रा, म्हणजे तंबाखू घातलेली सुपारी, खात होतो. त्यांनी सुपारीने काळवंडलेले दात पाहिले आणि खर्रा सुटल्याशिवाय तारीख देणार नाही असे सांगितले. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कडांना रक्त पुरत नाही आणि इतक्या लांब जखमेच्या कडा काळ्या पडून उकलू शकतात. सिगारेट ओढत नाही म्हणजे आपण मोकळे, असा समज अनेकांचा असतो. तंबाखू कोणत्याही रूपातली असो, शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद हवी. खर्रा सुटला, पण तोवर शस्त्रक्रियेची इच्छाही उरली नाही.

सुलभाकाकू

सगळे वाचले. पुरळ इतके त्रासदायक असते हे मला ठाऊक नव्हते, आणि डॉक्टरांनी फळ्याविषयी जे लिहिले ते वाचून वाटले की निदान विचार करून काम करणारी माणसे आहेत. माझे मत बदललेले नाही, पण करायचेच असेल तर मे महिन्यात करू नकोस, मेघना. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, येथे अंगावरचा सुती पदरही नकोसा होतो. त्यात दोन्ही हातांना चोवीस तास घट्ट बाह्या, काखेत ताजे टाके आणि दुपारी वीज गेली की बंद पडलेला कूलर, याची कल्पनाही मला करवत नाही. शिवाय त्या कूलरमध्ये पाणी कोण भरणार? दोन्ही हात एकदमच बांधलेले. घरात कोण आहे, हे तू अजून लिहिलेलेच नाहीस.

ज्योती_धरमपेठ

काकूंचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. माझ्या सर्जनांनी मार्च ते जून या काळात तारीख द्यायला सरळ नकार दिला होता. पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना त्या बाह्या कोणी चोवीस तास घालत नाही. दुपारी काढून ठेवतात आणि मग सूज उतरत नाही. पावसाळ्याचे पहिले दोन महिनेही बरे नाहीत, कारण काख कोरडी राहत नाही. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. थंडीत शालीखाली त्या बाह्या उलट उबदार वाटतात.

टाका_आणि_गाठ

सहमत. शिक्षकांची अडचण अशी की मोठी सुटी नेमकी वाईट ऋतूत येते आणि दिवाळीची सुटी पुरत नाही. अर्धवेतनी रजा शिल्लक असेल तर दिवाळीच्या सुटीला जोडून घेता येईल का, हे मुख्याध्यापकांशी आताच बोलून ठेवावे. बसून शिकवण्याचे काम दोन ते तीन आठवड्यांत सुरू करता येते. फळ्यावर हात उंच करून लिहिणे, दुचाकी चालवणे आणि पाण्याची बादली उचलणे यांना जखम कशी भरते त्यावर चार ते सहा आठवडे लागतात. तोवर वह्यांचा गठ्ठाही दुसऱ्याने उचलावा.

मधुमेह असल्यामुळे आणखी दोन गोष्टी. आहारात प्रथिने पुरेशी आहेत का, हे आताच पाहावे. वजन उतरवताना आपल्याकडे पोळी-भात कमी होतो तशी डाळही कमी होते, आणि प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन तपासून घ्यावे. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइड यांसारखे साखर व वजन कमी करणारे आठवड्याचे इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे, कारण त्या औषधांनी पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि नेहमीचा उपवास पुरेसा ठरेलच असे नाही. रक्त पातळ करणारी गोळी, संप्रेरकांची गोळी, तसेच काढे आणि आयुर्वेदिक औषधे यांचीही यादी द्यावी.

सर्जनांची अर्हता एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी आहे ना, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे पाहण्यात कोणाचा अपमान होत नाही. केंद्राच्या फलकावर केवळ "कॉस्मेटिक" असे लिहिलेले असेल तर शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ उपस्थित असणार का, हे नाव घेऊन विचारावे.

मेघना_प्रतापनगर

काकू, घरी यजमान आहेत आणि मुलगी बारावीला आहे. तिची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होत असल्यामुळे यंदाची थंडी मी सोडून दिली आहे. माझी वेणी घालण्यात तिचा अभ्यास जावा असे मला वाटत नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर करून घेण्याचे ठरवले आहे. तोवर वजन आहे तेथे टिकते का, हेही कळेल.

रामदासपेठेतील सर्जनांना पुन्हा भेटले. भिंतीवर लिहून दाखवले तेव्हा ते हसले, पण खूण त्यांनी त्याच स्थितीत करून पाहिली आणि आतल्या बाजूचाच व्रण ठेवू असे सांगितले. मी व्रणांची छायाचित्रे मागितली. त्यांनी तीन महिन्यांची, सहा महिन्यांची आणि वर्षानंतरची अशी एकाच रुग्णाची छायाचित्रे चेहरा झाकून दाखवली, आणि शिवाय काखेजवळ व्रण बोटभर रुंद झालेल्या एका रुग्णाचेही, जे त्यांनी दाखवले नसते तरी चालले असते. ते शेवटचे छायाचित्र मी बराच वेळ पाहिले. माझाही तसाच झाला तर मी कोपरापर्यंत बाही घालीन, पण घडीतले पुरळ तर जाईल, असा हिशेब मनाशी झाला आणि मग होकार देणे जड गेले नाही. पाटल्या मी घालत नाही, बांगड्या निघतात. पॉलिसीवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे कर धरून लेखी अंदाजपत्रक मागितले आहे. ते अजून आलेले नाही.

एक लहानशी शंका राहिली. दिवाळीत मुलगी हातांना मेंदी आणि नखांना रंग लावते. लगेच पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया असेल तर ते चालेल का?

टाका_आणि_गाठ

नखांचा रंग नक्की काढून जा. भुलेच्या वेळी रक्तातील प्राणवायू मोजणारा चिमटा बोटाच्या टोकाला लावतात आणि नखावरील रंगामुळे त्याचे वाचन चुकू शकते. तळहाताच्या मेंदीला हरकत नाही, पण बोटांची टोके आणि नखे मोकळी ठेवा. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडून जंतुसंसर्गाला वाव मिळतो. गरज असेल तर रुग्णालयात त्याच दिवशी यंत्राने कापतात.